सीमाभागातली मागणी अडते कुठे? आधी तिचा पत्ता तपासा

खानापूर तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न असा आहे: आजोबा १९५६ साली तुरुंगात गेले, वडिलांनी १९८६ ला लाठ्या खाल्ल्या, मी दरवर्षी १ नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीत चालतो. तरी पंचायतीची नोटीस मला आजही वाचता येत नाही. हे कधी बदलणार आहे का, की सोडून द्यायचं? आणि दर हिवाळ्यात भांडण का पेटतं?

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. गाव कुठल्या राज्यात असावं, हा पहिला. ते ठरेपर्यंत कर्नाटकातला मराठी भाषक नागरिक म्हणून तुम्हाला काय मिळायला हवं, हा दुसरा. आणि लोक एकमेकांच्या अंगावर का जातात, हा तिसरा. सीमाभागात हे तिन्ही एकाच निवेदनात लिहायची सवय पडली आहे. मागणी अडते ती बऱ्याचदा तिथेच, कारण तिघांची उत्तरं देणारी दारं वेगवेगळी आहेत.

पहिला प्रश्न खानापूरच्या तहसीलदाराच्या हातात नाही, बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्याच्याही नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना कायद्याने मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका मात्र त्यातून वगळला गेला. म्हणजे जिल्हा फोडता येतो, तालुका वेगळा काढता येतो, हे तेव्हाच मान्य झालं होतं. मग आमच्या गावांना तोच न्याय का नाही, हा सवाल तिथून सुरू होतो, आणि तो रास्त आहे. महाराष्ट्राने पाटसकर सूत्र पुढे ठेवलं: खेडं हा घटक, सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. १९६६ मध्ये सेनापती बापटांच्या उपोषणानंतर महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या अहवालात त्याने २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं कर्नाटकला द्यायची शिफारस केली, बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवलं. महाराष्ट्राची मागणी ८१४ गावांची होती. त्याने अहवाल फेटाळला, कर्नाटकने तो अंतिम मानला. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या कलम ३ प्रमाणे फक्त संसदेला आहे, ही कर्नाटकची भूमिका. राज्याराज्यांतला वाद म्हणून कलम १३१ खाली न्यायालय तो ऐकू शकतं, ही महाराष्ट्राची. म्हणजे या प्रश्नाला पत्ते दोनच, सर्वोच्च न्यायालय आणि संसद. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले. त्यातून दोन्ही बाजूंच्या भावना कळल्या, रेषा इंचभरही हलली नाही.

फेरीत चालू नका, असं मी म्हणणार नाही. सीमालढ्यातल्या १७ जानेवारी १९५६ आणि १ जून १९८६ च्या हुतात्म्यांचं स्मरण ठेवणं हे आपलं देणं आहे. पण फेरी हे साक्ष देण्याचं साधन आहे. पंचायतीची नोटीस तिच्यामुळे मराठीत येणार नाही, कारण नोटीस छापणाऱ्याला तुम्ही ती मागितलेलीच नसते.

आता दुसरा प्रश्न. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण काम इथे होतं.

घटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. तेव्हा कार्यालयाने 'मराठीत आहे' म्हणून अर्ज परत केला तर ते चुकीचं आहे, आणि त्याच अर्जाखाली कलमाचा आकडा लिहून तो पुन्हा पुढे सरकवायचा. कलम ३५० (अ) प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगतं. कलम ३५० (ब) खाली भाषिक अल्पसंख्याक आयुक्त असतो, तो राष्ट्रपतींना अहवाल देतो आणि अहवाल संसदेपुढे जातो.

याशिवाय १९५६ पासून केंद्र आणि राज्यांनी मिळून मान्य केलेली एक संरक्षण योजना आहे. तिच्यातले आकडे पाठ करून ठेवा. जिल्हा किंवा तालुका पातळीवर जी भाषा लोकसंख्येच्या किमान १५ टक्के लोक बोलतात, त्या भाषेत महत्त्वाचे नियम, सूचना, नोटिसा भाषांतर करून प्रसिद्ध करायच्या. एखाद्या जिल्ह्यात ६० टक्के लोक ती भाषा बोलत असतील तर तिला त्या जिल्ह्यापुरता दुसऱ्या राजभाषेचा दर्जा देता येतो. प्राथमिक शाळेत वर्गात १० किंवा पूर्ण शाळेत ४० मुलं असतील तर मातृभाषेतून शिकवण्याची सोय, माध्यमिकला प्रत्येक वर्गात १५ आणि शेवटच्या चार वर्गांत मिळून ६०. नोकरभरतीच्या वेळी राज्यभाषा येण्याची अट नको, परीक्षा परिवीक्षा काळ संपण्याआधी घ्यावी, असंही तिच्यात आहे.

बेळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा सांगणारे १८ टक्क्यांच्या पुढे आहेत. पूर्ण जिल्हा धरला तरी १५ ची रेषा ओलांडली जाते, खानापुरात तर कितीतरी जास्त. त्यामुळे 'परिपत्रकं मराठीत द्या' ही मागणी पक्क्या आकड्यावर उभी आहे. ६० टक्क्यांची अट मात्र जिल्ह्याला आहे, तालुक्याला नाही, आणि जिल्हा तिथे पोचत नाही. अनेक निवेदनांत हे दोन आकडे एकमेकांत मिसळलेले दिसतात. 'खानापुरात आम्ही बहुसंख्य, म्हणून मराठीला राजभाषेचा दर्जा द्या' असं लिहिलं की वरिष्ठ कारकून एका ओळीत उत्तर देऊन फाईल बंद करतो, आणि त्याच अर्जातली १५ टक्क्यांची रास्त मागणीही तिच्यासोबत बुडते.

एक कच्चा दुवा तुम्हाला ठाऊक असायलाच हवा. ही योजना राज्यांनी मान्य केलेली आहे, कायदा म्हणून विधिमंडळाने केलेली नाही. आयुक्त शिफारस करतो, हुकूम देऊ शकत नाही. दुसऱ्या बाजूला राज्याचे कायदे आहेत: १९६३ चा राजभाषा कायदा, शाळांत कन्नड सक्तीचा विषय करणारा २०१५ चा कायदा, फलकावर ६० टक्के कन्नड मागणारी २०२४ ची दुरुस्ती. कायदा आणि मान्य केलेली योजना समोरासमोर आली की अधिकारी कायद्याच्या बाजूने उभा राहतो, कारण त्याला त्याची नोकरी सांभाळायची असते. म्हणून मागणी अशी मांडावी की कायद्याला धक्का न लावता ती पुरी करता येईल. 'कन्नडऐवजी मराठी' असं लिहिलं तर नकार ठरलेला आहे. 'कन्नडसोबत मराठी भाषांतर' असं लिहिलं तर अधिकाऱ्याला हो म्हणायला जागा राहते.

अर्ज कसा लिहायचा ते सांगतो. एका अर्जात एकच मागणी आणि एकच कार्यालय. 'सर्व सरकारी कागदपत्रे मराठीत' ही मागणी कुणाच्याच टेबलावर बसत नाही. त्याऐवजी ग्रामसभेची नोटीस आणि विषयपत्रिका मागा, घरपट्टीची मागणी नोटीस मागा, एका वेळी एकच कागद. पहिल्या परिच्छेदात गावाचं नाव आणि लोकसंख्येचा आकडा, दुसऱ्यात १५ टक्क्यांची तरतूद, तिसऱ्यात नेमका कुठला कागद हवा ते. पान संपायच्या आत अर्ज संपला पाहिजे. सीमाप्रश्नाचा, विलीनीकरणाचा, घोषणेचा एकही शब्द त्यात नको. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, पण त्याला कारण आहे. तो शब्द दिसला की अर्ज 'धोरणात्मक बाब' म्हणून बेंगळूरला जातो आणि तिथून परत येत नाही. आपल्या निष्ठेची जागा दुसरीकडे आहे, या कागदावर ती सिद्ध करायची गरज नाही.

अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज दिला नाही असंच समजा. सर्वात जास्त प्रकरणं इथेच मरतात: शिष्टमंडळ जातं, फोटो निघतो, बातमी येते, आणि आवक क्रमांक कुणीच घेतलेला नसतो. एक महिन्याने त्याच क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र द्या आणि पोच जोडून एक प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना टपालाने पाठवा. आयुक्ताला हुकूम देता येत नसला तरी तो राज्याकडे खुलासा मागू शकतो, आणि तुमचा आवक क्रमांक नसेल तर खुलासा मागायला त्याच्या हाती काहीच नसतं.

तरीही हालचाल नसेल तर माहिती अधिकार. इथे एक खाच आहे. २००५ च्या कायद्यातल्या कलम ६ प्रमाणे हा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यायचा असतो, त्यामुळे मराठीतला अर्ज परत येऊ शकतो. हिंदीत लिहा, लिपी तीच आहे. शुल्क १० रुपये. कर्नाटकच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा. 'मराठीवर अन्याय का करता?' असं विचारू नका. 'का' या प्रश्नाला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, कागद मिळतो. म्हणून असं विचारा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या टिपणीची आणि शेऱ्यांची प्रत द्यावी. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांच्या आत माहिती आयोगाकडे दुसरं.

दाखले, उतारे अशा रोजच्या कामांसाठी वेगळी वाट आहे. २०११ च्या सकाला कायद्यात सेवेची मुदत ठरलेली असते आणि अर्ज क्रमांकासह पावती मिळते. उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. रक्कम किरकोळ आहे, पण ती मागितली की उशिराची नोंद त्या कर्मचाऱ्याच्या नावावर होते. पावती न देता 'उद्या या' म्हणणाऱ्या खिडकीवरून हलू नका.

ग्रामपंचायतीत १९९३ च्या पंचायतराज कायद्याचा आधार आहे. दोन ग्रामसभांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर राहू नये, असं तो कायदा म्हणतो. नोटिसा मराठीतूनही द्याव्यात असा ठराव तिथे मांडता येतो. ठराव तोंडी मंजूर होतो, टाळ्या पडतात, आणि सभावृत्तात तो लिहिलाच जात नाही किंवा 'चर्चा झाली' एवढंच लिहिलं जातं. सभावृत्त कन्नडमध्ये असतं. म्हणून माझं ठाम मत आहे की प्रत्येक वॉर्डात कन्नड नीट वाचणारी निदान दोन मराठी मुलं-मुली हवीत. त्यांनी सही करण्याआधी मजकूर वाचायचा आणि नंतर पीडीओकडून, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याकडून, प्रमाणित प्रत मागायची. कन्नड शिकणं म्हणजे शरण जाणं, ही समजूत आपल्याला फार महाग पडली आहे. ज्या भाषेत आपल्या गावाचे ठराव लिहिले जातात ती न वाचणारा माणूस आपल्याच गावाच्या कारभारात मुका होतो. सक्तीला विरोध करायचा तो जरूर करा, पण अक्षरं येत असताना करा.

शाळेबद्दल थोडक्यात. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कर्नाटकच्याच खटल्यात सांगितलं की मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील आणि शिक्षणाचं माध्यम सरकार लादू शकत नाही. हा निकाल दोन्ही बाजूंनी कापतो: त्यानेच पालकांना इंग्रजी शाळेकडे जायची मोकळीक दिली आणि मराठी शाळेचा पट घसरला. शाळा वाचवायची तर १० आणि ४० हे आकडे दर जूनमध्ये एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास समितीच्या, सदस्यांनी स्वतः मोजले पाहिजेत. पट ४२ असताना धावपळ केली तर शिक्षक मागता येतो. १७ वर आल्यावर मोर्चा काढून शाळा परत उभी राहत नाही.

हे सगळं कितपत चालेल ते गावावर अवलंबून आहे. खानापूरच्या पश्चिमेकडच्या, सलग मराठी वस्तीच्या पंचायतीत सदस्यच तुमचे असतात, तिथे चार-सहा महिन्यांत फरक दिसू शकतो. बेळगाव शहरात ५८ वॉर्डांची महापालिका आहे, २०२१ ची निवडणूक पक्षचिन्हांवर झाली आणि भाजपने ३५ जागा घेतल्या. तिथे भाषेचा ठराव मांडायलाच आधी पक्षाची परवानगी लागते. मिश्र वस्तीच्या गावात शेजारच्या कन्नड घरांशी आधी बोलल्याशिवाय ठराव मांडू नका, नाहीतर नोटिशीचा साधा मुद्दा दोन गल्ल्यांचं भांडण होऊन बसेल. आणखी एक अडचण: खानापूर विधानसभा मतदारसंघ लोकसभेला उत्तर कन्नड मतदारसंघात आहे. तुमच्या खासदाराचे बहुतेक मतदार कारवार-शिरसीकडे आहेत. दिल्लीत तुमचा प्रश्न मांडायला आवाज कमी का, याचं हे एक साधं कारण आहे.

आता भांडणाबद्दल. मूळ समजून घ्यायचं तर शेजाऱ्याचीही अपुरी आशा बघावी लागते. साहित्यिक वि. कृ. गोकाक यांच्या समितीच्या १९८१ च्या अहवालानंतर कन्नडला शाळेत पहिलं स्थान मिळावं म्हणून कर्नाटकभर मोठी चळवळ झाली. आपल्याच राज्यात आपली भाषा मागे पडतेय, ही त्यांची खरी भीती होती. त्या भीतीतून आलेली सक्ती सीमाभागात मराठी घरांवर येऊन आदळली, आणि १ जून १९८६ ला नऊ जणांचा जीव गेला. शिवाय उत्तर कर्नाटकातल्या कन्नड माणसाचीही बेंगळूरविरुद्ध तक्रार आहे. प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये १७५ पैकी ११४ तालुके मागास ठरवले. २०१२ च्या घटनादुरुस्तीने नोकरी-शिक्षणात राखीव जागा देणारी कलम ३७१ (जे) ची सवलत हैदराबाद-कर्नाटकाला मिळाली, बेळगाव विभाग बाहेर राहिला. १९९७ मध्ये जे. एच. पटेल सरकारने नवे जिल्हे केले तेव्हा चिक्कोडी आणि गोकाक वेगळे जिल्हे करायचं मागे पडलं, आणि सीमावाद मिटल्याशिवाय जिल्हा फोडू नका हेच त्याला एक कारण दिलं गेलं. म्हणजे १८ आमदारांचा अवाढव्य जिल्हा सांभाळणाऱ्या कचेरीत गोकाकचा कन्नड शेतकरी आणि खानापूरचा मराठी शेतकरी एकाच रांगेत ताटकळतात. निपाणीत १९८१ ला तंबाखू उत्पादक शरद जोशींसोबत महामार्गावर बसले तेव्हा मागणी भावाची होती, भाषेची नव्हती. पोटाचा प्रश्न पुढे आला की माणसं एकत्र बसू शकतात, हे या मातीने पाहिलेलं आहे.

पेटतं ते मुख्यतः दोन वेळा. १ नोव्हेंबरला कर्नाटकचा राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिन एकाच शहरात, एकाच रस्त्यांवर येतात. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं आणि त्याच दिवशी मराठी महामेळावा ठरतो. त्यात बाहेरची ठिणगी पडते. डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळूरला शिवरायांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लगेच बेळगावात ब्रिटिशांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली आणि शहरात जमावबंदी लागली. दोन्ही पुतळे दोन्ही समाजांना वंदनीय आहेत, आणि राग कुणाचा कुणावर निघाला हे दुसऱ्या दिवशी कुणाला सांगता आलं नसतं. अशा दिवशी मोबाईलवर आलेला व्हिडिओ तारीख आणि ठिकाण पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नका. फेरीची परवानगी लेखी मागा, नकारही लेखीच घ्या. न्यायालयात जायचं तर तो कागद लागतो. जमावबंदी मोडून गुन्हा नोंद झाला की पासपोर्ट आणि नोकरीची पोलीस पडताळणी वर्षानुवर्षं अडते. ज्यांच्या घरातून आधीच दोन पिढ्यांनी किंमत मोजली आहे, त्यांच्या तिसऱ्या पिढीने तीच किंमत नकळत मोजू नये, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही विचारलंत, सोडून द्यायचं का. नको. पण पुढचं वर्षभर निदान एका कामात स्वतःला जुंपून घ्या. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. वर सांगितलेले १५ आणि ६० हे आकडे जनगणनेतूनच निघतात. मातृभाषा हा प्रश्न घरातल्या प्रत्येक माणसाला वेगळा विचारायचा असतो, आणि मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली ती. प्रगणक घाईत घरप्रमुखाची भाषा सगळ्यांच्या नावापुढे टाकतो, किंवा कन्नड बोलता येतं म्हणून मातृभाषेच्या जागी कन्नड लिहितो. येणाऱ्या इतर भाषांसाठी वेगळा रकाना आहे, कन्नड तिथे लिहायला लावा, ती अभिमानाने सांगा. कोकणी घरांनी कोकणीच सांगावी, दडपून मराठी लिहून घेऊ नका, खोट्या आकड्यावर उभी केलेली मागणी पहिल्याच तपासणीत पडते. गल्लीत कुणाकुणाला वाचता येत नाही त्या म्हाताऱ्या माणसांची यादी आत्ताच करा, आणि प्रगणक येईल त्या दिवशी त्यांच्या शेजारी कुणीतरी बसलेलं असेल असं बघा. त्याने काय भरलं ते मोबाईलच्या पडद्यावर वाचून घेतल्याशिवाय त्याला उठू देऊ नका.